फौजदाराचा कान

सरकारी कागदावर मी व्रणोपचारक होतो. हा शब्द कोणाच्याच जिभेवर बसायचा नाही, म्हणून लोक मला कंपाउंडर म्हणत, नाहीतर नुसतंच नाना. धुळ्याहून सोनगीरकडे जाताना महामार्गाला लागून एक गुरांचा दवाखाना होता, तिथं माझी एकवीस वर्षं गेली. बैलांच्या खुरांतले किडे काढायचे, म्हशींच्या सडांना मलम लावायचं, डॉक्टर साहेबांना सुई उकळून द्यायची, ही माझी कामं. पण पंचक्रोशीत माझं नाव झालं ते कुत्र्यांमुळे. ते कसं झालं हे मी सांगितलं नाही तर दुसरं कोणी सांगणार नाही, आणि सांगितलं तर खोटं सांगेल.

त्र्याऐंशी साली औषध कंपनीचा एक माणूस साहेबांना कॅलेंडर देऊन गेला. बारा महिने, बारा जातींची कुत्री. वर रंगीत फोटो आणि खाली बारीक इंग्रजीत त्या जातीचा स्वभाव. साहेबांना गाई-म्हशींतून सवड नव्हती. मी ते औषधांच्या कपाटाशेजारी टांगलं आणि डिक्शनरी घेऊन बसलो. मॅट्रिकला इंग्रजीत दोनदा गचकलेला माणूस मी, पण त्या वर्षी अकरा कुत्री तोंडपाठ केली. अल्सेशियन हुशार, पण मनाला लावून घेणारा. पामेरियन एवढासा, पण घर डोक्यावर घेणारा. लॅब्रॅडॉर इतका भला की चोर आला तर त्यालाही वाट दाखवील. लासा मानी, रागावलं तर दोन दिवस जेवणार नाही.

अकराच, कारण सप्टेंबरचं पान नव्हतं. साहेबांनी त्याच्या पाठीवर कुणाला तरी वासराच्या दुधाचं प्रमाण लिहून दिलं होतं आणि तो शेतकरी ते पान खिशात घालून गेला. पहिल्या पानावरच्या यादीत सप्टेंबरपुढे डोबरमॅन असं नाव तेवढं होतं.

धुळ्यात तेव्हा नव्या कॉलन्या होत होत्या, बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्या लागत होत्या, आणि पाटी लावल्यावर कुत्रा आणायलाच लागायचा. आणण्याआधी लोक मला विचारायला येत. मी घरात आणि गावात अहिराणीच बोलतो, पण कुत्र्यांबद्दल सांगताना मात्र एकदम शुद्ध भाषा सुरू व्हायची. "हे पाहा, स्वभाव रक्तात असतो. जात बघा आणि घ्या." ऐकणारा मान हलवायचा. पुढे पुढे मी माणसांनाही कुत्र्यांच्या जाती लावायला लागलो. साहेब लॅब्रॅडॉर, बुटका लांबोडा तलाठी डाशहुंड. माझी बायको सुगंधाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमनी जात कोनती ते सांगू का? पामेरियन." पोरं पोट धरून हसली. मला राग आला होता, तो मी जेवण संपेपर्यंत धरून ठेवला.

चुडामणभाऊंचं ढेपीचं गोदाम आमच्या दवाखान्यापासून मैलभर पुढे होतं, महामार्गाला लागूनच. सरकीची ढेप, त्यामुळे गुरं बाळगणाऱ्या सगळ्यांशी त्यांचा व्यवहार. चौऱ्याऐंशीच्या थंडीत ओळखीच्या ट्रक ड्रायव्हरनं त्यांना एक काळं पिलू आणून दिलं. भुवयांवर तांबडे ठिपके, पायांत तांबडे मोजे. खाकी पट्टा बांधल्यासारखं दिसतं म्हणून त्याचं नाव फौजदार ठेवलं. चुडामणभाऊ पिलू धोतराच्या सोग्यात घेऊन दवाखान्यात आले.

"नाना, हाई डाबरमन जात कशी शे?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं, पण बाकावर आणखी चार जण बसले होते. मागच्याच महिन्यात दोंडाईच्याच्या एस.टी.त शेजारच्या एका माणसानं मला काहीतरी सांगितलं होतं. तो कोण, काय करतो, हेही मी विचारलं नव्हतं. तेच मी घसा खाकरून, शुद्ध भाषेत, जसंच्या तसं दिलं.

"राखणीला एक नंबर. पण या जातीचा मेंदू वाढत जातो आणि कवटी तेवढीच राहते. सात वर्षं झाली की डोक्यावर दाब येतो आणि कुत्रा मालकावर उलटतो. सात वर्षं वापरा, पुढे ठेवू नका."

बाकावरच्यांनी च् च् केलं. चुडामणभाऊंनी पिलाच्या डोक्यावर हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. त्यांच्या घरी भिंतीवर पोरांच्या जन्मतारखा खडूनं लिहिलेल्या होत्या, त्यांच्याखाली त्यांनी फौजदाराचीही तारीख लिहिली.

पिलू वाढवलं ते वच्छलाबाईनं. ही चुडामणभाऊंची धाकटी बहीण. पिंपळनेरला दिली होती. काही वर्षं नांदली, मग सासरच्यांनी आणून सोडली. हिचं डोकं फिरतं, अंगावर धावून येते, असं ते सांगून गेले. भावानं ठेवून घेतली, पण घरात नाही. गोदामाला लागून एक पत्र्याची खोली होती, तिथं ती राहायची. पोती मोजायची, पावती फाडायची, आणि कोणी ढेप ओली आहे म्हटलं तर त्याची अशी खरडपट्टी काढायची की तो दुसऱ्यांदा यायचा नाही. मी तिलाही एक जात लावली होती. गावठी, चावकी, असं मी साहेबांपुढे म्हणालो होतो आणि साहेब हसले होते. आज हे लिहिताना माझे कान तापतात.

ती त्याला फौज्या म्हणायची. मी माझ्या गाईसाठी महिन्याला एक पोतं ढेप आणायला जायचो तेव्हा तो दिसायचा. काळा, उंच, चकचकीत, आणि कान भाल्याच्या टोकासारखे उभे नव्हते तर लोंबते, कारण ते कापायचे असतात हे इथं कुणाला ठाऊकच नव्हतं. मी फाटकाबाहेरूनच पोतं मागायचो. घाई आहे म्हणायचो. खरं सांगतो, मला त्या कुत्र्याचं भय वाटायचं. अकरा जातींचे स्वभाव पाठ असलेला हा माणूस उभ्या आयुष्यात कुठल्याही मोठ्या कुत्र्याला हात लावू शकला नव्हता. दवाखान्यात कुत्रं आलं की मी मालकाला धरायला लावायचो आणि बाटली शोधायला कपाटाकडे वळायचो. हे कोणाला कळलं नाही.

फाटकातून मी बघायचो ते वेगळंच होतं. फौजदार वच्छलाबाईच्या मांडीला सगळं अंग टेकून उभा राहायचा. ती चालली की चालायचा, थांबली की पुन्हा टेकायचा. दिवाळीत फटाके वाजले की तिच्या खाटेखाली जाऊन बसायचा आणि ती शेपूट ओढून म्हणायची, "चाल रे फौजदार, बाहेर नीघ, ड्यूटी शे तुनी." माझ्या डोक्यात मात्र एस.टी.तला माणूस बसलेला होता. मी म्हणायचो, अजून सात झाली नाहीत.

एक्क्याण्णवच्या दिवाळीला झाली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चुडामणभाऊ दवाखान्यात आले. चेहरा उतरलेला. त्यांची मुलगी दिवाळीला आली होती, तिची दोन वर्षांची छोकरी अंगणात खेळताना फौजदाराजवळ गेली आणि तिनं त्याचा कान धरून ओढला. तो गुरगुरला, दात दाखवले आणि हवेत तोंड मारलं. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता. पण भाऊंच्या बायकोनं, कमलबाईनं, घर डोक्यावर घेतलं.

"तुम्ही सांगेल व्हतं ना नाना," चुडामणभाऊ म्हणाले. "सात वरीस. बरोबर सात भरनात. भितवर लिखेल शे."

मला त्यांच्या तोंडून ते ऐकून, देवाशपथ, आनंद झाला. माझं खरं ठरलं होतं. सायकल काढून मी त्यांच्याबरोबर निघालो.

फौजदाराला गोदामाच्या खांबाला बांधलं होतं आणि तोंडाला सुतळी गुंडाळली होती. वच्छलाबाई त्याच्याजवळ जमिनीवर बसली होती. मला बघून उठली.

"नाना, त्याना कान देखा," ती म्हणाली. "आठ दिनपाईन मुंडकं झटकस. डावा कान. माले बी हात लावू देत नही."

मी दहा हातांवर थांबलो. फौजदारानं माझ्याकडे बघितलं. मग तो दोन पावलं मागे सरकला आणि वच्छलाबाईच्या पायाला टेकून उभा राहिला, मान जरा खाली घालून. मी चुडामणभाऊंना म्हणालो, "पाहिलंत? पवित्रा घेतला. मागे सरकून मग उडी घेतात."

"पवित्रा कसाना," वच्छलाबाई म्हणाली. "मी धरस त्याले. तोंड बांधेल शे. तुम्ही फक्त कान उचला, नाना. मी पाया पडस तुमना."

या बाईला कोणाच्या पाया पडताना मी कधी बघितलं नव्हतं. ती खरंच वाकली. चिमटा माझ्या पिशवीत होता, बॅटरी होती. दहा हात चालायचं होतं. माझे पाय उचलले नाहीत. आणि पाय उचलत नाहीत म्हणून मी तोंड उघडलं. "अक्का, कानाचं काही नाही. हे डोक्यातूनच येतं. जातीतच असतं. पिसाळलेला नाही, एवढं मी सांगतो, पण आता तो आपला राहिला नाही. घरात लेकरू आहे."

चुडामणभाऊ वाईट माणूस नव्हते. त्यांनी बहिणीकडे बघितलं, मग घराकडे बघितलं, जिथं दारात कमलबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. "साहेबले सांगा," ते मला म्हणाले.

साहेब तेव्हा नवीन होते, तरुण, वऱ्हाडाकडचे. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "नाना, कुत्र्यांचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही नीट तपासलंत ना?"

"तपासलं," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या. ही सगळ्यात लहान होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इंजेक्शन घेऊन आले. वच्छलाबाईनं फौजदाराला आंघोळ घातली होती. सुतळी सोडून टाकली होती, आणि बांधा म्हटलं तर तिनं ऐकलं नाही. ती मांडी घालून बसली, तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून आडवा झाला, उजव्या कुशीवर, म्हणजे दुखरा कान वर. साहेबांनी पायाची शीर शोधली तेव्हा त्यानं फक्त एकदा मान उचलून बघितलं आणि पुन्हा ठेवली. ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती, हळू, मला ऐकू आलं नाही. साहेबांनी घड्याळ बघितलं, छातीला हात लावला, मान हलवली आणि हात धुवायला घराकडे गेले. चुडामणभाऊ त्यांच्या मागे तांब्या घेऊन गेले.

आता मी पुढे गेलो. आता मला भीती नव्हती. हे लिहायला हात जड होतो, पण तो जिवंत असताना जे दहा हात मला चालवले नाहीत, ते मेल्यावर मी सहज चाललो. खाली बसलो, चिमटा काढला आणि डावा कान उलटा केला.

आत पू होता. बॅटरी लावली. खोल, पडद्याच्या अलीकडे, एक कुसळ उभं रुतलं होतं. गोदामामागे माळ होता, पावसाळा संपला की तिथलं गवत वाळतं आणि त्याची कुसळं धोतराला, पायाला, गुरांच्या तोंडाला, कुठेही शिरतात. बैलांच्या जबड्यातून मी अशी शेकड्यांनी काढली होती. चिमट्यात धरून ओढलं, एका झटक्यात आलं. तांदळाच्या दाण्याएवढं टोक आणि मागे बोटभर केस. दोन मिनिटांचं काम होतं. वर औषधाचे चार थेंब टाकले असते तर संध्याकाळी त्यानं तो कान पोरीच्या हातात स्वतःहून दिला असता.

मी चिमटा तसाच धरून बसलो. वच्छलाबाईनं ते कुसळ बघितलं. मला वाटलं आता ही धावून येईल, आणि खरं तर यावी असंच मला वाटत होतं. ती आली नाही. फौजदाराचा कान तिनं सरळ केला, हातानं पुसला.

"माले बी सात वरीस नांदाडं नि धाडी दिधं," ती म्हणाली. "म्हने डोकं फिरेल शे. मनं डोकं दुखे, नाना. रातदिन दुखे. कोठे दुखस, हाई कोनीच ईचारं नही."

सात वर्षं होती, हे मला त्या दिवशी कळलं. मी उठलो आणि सायकल घेऊन निघालो. कुसळ कुठे टाकलं ते आठवत नाही. साहेबांना काही सांगितलं नाही, चुडामणभाऊंनाही नाही. घरी सुगंधाबाईनं जेवायला वाढलं, मी ताटावर बसून रडलो आणि गुरांपैकी कोणी गेलं म्हणून सांगितलं. कॅलेंडर त्यानंतर बरेच दिवस भिंतीवर होतं, काढायलाही मला त्याच्याजवळ जावंसं वाटेना. ढेप मी दुसऱ्या दुकानातून आणायला लागलो. लोक कुत्र्यांचं विचारायला आले की मला काही कळत नाही म्हणायचो. तो नानांचा मोठेपणा आहे, असं म्हणून ते हसायचे.

सत्त्याण्णवला मी निवृत्त झालो. पुढच्या उन्हाळ्यात धुळ्याला पेन्शनच्या कामासाठी गेलो होतो, परतताना एस.टी.त शेजारी एक पॅन्ट-बुशकोटवाला बसला. त्याच्या भावानं देवपुरात बंगला बांधला होता आणि डोबरमॅनचं पिलू घेतलं होतं. तो काळजीत होता.

"ती जात सात वर्षांनी उलटते, काका," तो मला समजावून सांगायला लागला. "मेंदू वाढतो. सोनगीरकडे झालेलं आहे. ढेपवाल्यांच्या कुत्र्यानं नातीचा कान तोडला. तिथल्या दवाखान्यात एक नाना होते, फार जाणकार माणूस. त्यांनी आधीच तारखेसकट सांगून ठेवलं होतं."

"कान नाही तोडला," मी म्हणालो. "पोरीला काही झालं नाही. त्याच्याच कानात कुसळ होतं. ते सात वर्षांचं सगळं खोटं आहे. मीच तो नाना."

त्यानं माझ्याकडे, माझ्या मळक्या पिशवीकडे बघितलं. मग जरा सरकून बसला आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. भावाला तो काय सांगणार हे मला दिसत होतं. आणखी सात वर्षांनी देवपुरात कुणीतरी भिंतीवरची तारीख बघणार होतं.

मी माझ्या गावाला उतरलोच नाही. पुढे गेलो, गोदामापाशी उतरलो.

फाटक उघडंच होतं. वच्छलाबाई पत्र्याच्या खोलीपुढे सावलीत पोती शिवत होती. केस पांढरे झाले होते. तिनं मला ओळखलं, हातानं खाट दाखवली, पाणी दिलं. चुडामणभाऊ घरात झोपले होते. काय बोलायचं ते मी रस्त्याभर जुळवलं होतं, चांगल्या शुद्ध भाषेत. त्यातलं एक अक्षर तोंडातून निघेना.

"अक्का," मी म्हणालो, "त्या दिनले मी कान देखा नही, कारन माले भ्याव वाटनं व्हतं. जातबित काही नही. माले त्यानं भ्याव वाटे."

तिनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

"ते माले तव्हयच समजनं," ती म्हणाली. "फौज्यालेबी समजेल व्हतं. तुमले भ्याव वाटस म्हनीसन तो मांगे सरकना, नि मनाकडे टेकीसन उभा राह्यना. तुम्ही या म्हने तो, मना कान देखा म्हने."

मी ग्लास खाली ठेवला. ती खाटेवर माझ्या शेजारी येऊन बसली.